आयाबहिणींचे ठराव आणि बाबासाहेबांचा कायदा

दरवर्षी विहाराच्या वर्धापनदिनी आपण परमपूज्य बाबासाहेबांचं चरित्र सांगतो. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना, नागपूरची दीक्षा. सांगायलाच पाहिजे. पण आयाबहिणींसाठी त्यांनी काय केलं असा विषय निघाला, की वक्ता हिंदू कोड बिलासाठी मंत्रीपद सोडलं एवढं एक वाक्य टाकतो आणि पुढं जातो. ते बिल काय होतं, त्यातल्या मागण्या आधी कोणी केल्या होत्या, ते मारलं कोणी आणि त्यातलं आपल्या घरात शेवटी काय आलं, हे आमच्या कानावर फार थोड्या वेळा आलं. म्हणून या स्मरणिकेत बाबासाहेबांचं चरित्र त्या एका अंगानं मांडायचं आम्ही ठरवलं. आम्ही गिरणीतली माणसं, पंडित नव्हे. पण युनियनच्या कामामुळं अर्ज, निवेदन, साक्ष आणि ठराव या गोष्टींचं मोल आम्हाला ठाऊक आहे, आणि या चरित्रात त्यांचंच मोल मोठं आहे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे भीमरावांचा जन्म झाला. आई भीमाबाई त्यांच्या लहानपणीच गेल्या. हे पोर आत्या मीराबाईंनी वाढवलं. पुढं बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळून १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पत्र लिहिलं, त्यात मुलांच्या बरोबरीनं मुलींनाही शिकवा असा आग्रह धरला. त्या वेळी ते बावीस वर्षांचे होते.

परत आल्यावर त्यांनी सभा गाजवण्याच्या आधी एक वेगळंच काम केलं. २७ जानेवारी १९१९ रोजी मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साऊथबरो कमिटीपुढं त्यांनी साक्ष दिली. भाषणाला टाळ्या पडतात, निवेदन मात्र सरकारच्या दप्तरात राहतं आणि त्याला केव्हातरी उत्तर द्यावं लागतं, हे त्यांनी फार लवकर ओळखलं होतं. २० जुलै १९२४ ला परळच्या दामोदर हॉलमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ती रीतसर संस्था होती. वसतिगृह, वाचनालय ही कामं तर तिनं केलीच, पण १९२८ साली सायमन कमिशन आलं तेव्हा याच सभेच्या नावानं बाबासाहेबांनी निवेदन दिलं. वयात आलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत मिळावं ही मागणी त्यांनी त्या कमिशनपुढं लावून धरली. तेव्हा मत होतं ते सारा आणि घरपट्टी भरणाऱ्यांना. म्हणजे चाळीत राहणाऱ्या गिरणी कामगाराला नाही, आणि त्याच्या बायकोला तर नाहीच नाही.

घरची परिस्थिती सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. परळच्या बी.आय.टी. चाळीत माता रमाई संसार ओढत होत्या. त्यांची पाच बाळंतपणं झाली. रमेश, गंगाधर, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरं एकामागून एक गेली आणि यशवंतराव तेवढे वाचले. धाकटा राजरत्न गेला तो १९२६ साली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या रजेच्या बिलावर बोलायला उभे राहिले. या दोन गोष्टींचा संबंध कोणत्या पुस्तकात जोडलेला आमच्या वाचनात नाही. आम्ही आपले जोडतो.

हे बिल कुठून आलं तेही पाहा. गिरण्यांत तेव्हा साधारण पाच कामगारांत एक बाई असे. रिळिंग आणि वाइंडिंग ही त्यांची खाती, वर नायकीण. दिवस भरत आले तरी बाई खात्यात उभी, कारण खाडा म्हणजे पगार नाही, आणि जास्त खाडे म्हणजे नोकरी नाही. तान्ह्या पोराला अफूची गोळी चाटवून निजवायचं आणि पाळीला जायचं. मुंबई सरकारनं नेमलेल्या डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी १९२०च्या आसपास चाळीचाळीतून फिरून चौकशी केली, तेव्हा हे सगळं कागदावर आलं. त्याआधी १९१९ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनं बाळंतपणाच्या रजेचा ठराव केला होता. ज्यांच्या नावाचा रस्ता आपल्या गिरणगावात आहे ते ना. म. जोशी यांनी १९२४ साली दिल्लीच्या कायदेमंडळात तसं बिल आणलं, ते फेटाळलं गेलं. मग मुंबईच्या कायदेमंडळात आसवले यांनी बिल मांडलं. मालकांच्या बाजूचे सभासद म्हणत, खर्च आम्ही का सोसायचा? बाबासाहेबांनी सरळ हिशेब मांडला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विसावा मिळणं हे साऱ्या देशाच्या हिताचं आहे, तेव्हा खर्चाचा मोठा वाटा सरकारनं उचलावा. पण मालकालाही सुटता येणार नाही, कारण बायकांना कमी मजुरीत राबवून तो नफा मिळवतो. १९२९ साली मुंबई इलाख्यात हा कायदा झाला. अशा प्रकारचा हा हिंदुस्थानातला पहिला कायदा.

इथं एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. कायदा आला आणि मालकांनी हळूहळू बायकांची भरतीच आखडली. रात्रपाळीला बायका ठेवता येत नाहीत, बाळंतपणाचे पैसे द्यावे लागतात, म्हणून बाई निवृत्त झाली की तिच्या जागी पुरुष. पुढच्या काळात मुंबईच्या गिरण्यांतली बायकांची संख्या घटतच गेली. आजही काही कारखान्यांत लग्न ठरलेल्या मुलीला कामावर घ्यायला कां-कूं करतात ते त्याच हिशेबानं.

आता थोडं मागं येऊ. १९२७ सालचं महाड आपल्याला चवदार तळ्यामुळं आणि २५ डिसेंबरच्या मनुस्मृती दहनामुळं माहीत आहे. त्याच डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांची वेगळी सभा घेतली. जातीची खूण ठरलेली लुगड्याची नेसण आणि कथलाचे जाड दागिने सोडा, मुलींना शाळेत घाला, हे त्यांना समजावलं. बायकांनी लगेच नेसण बदलली. मनुस्मृती जाळली म्हणजे बाईला गुलाम ठेवणारा जुना कायदा जाळला. आता त्या जागी नवा कायदा लिहायचा होता, आणि त्याला चोवीस वर्षं पुरली नाहीत!

मधली वर्षं आम्ही भराभर सांगतो. १९३० साली नाशिकच्या सत्याग्रहात बायका मोठ्या संख्येनं होत्या. त्याच सुमारास नागपूरच्या गिरणी कामगार राधाबाई कांबळे यांनी मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढं साक्ष दिली. एक गिरणीतली बाई साहेबांच्या कमिशनपुढं उभी राहून खात्यातली हकीकत सांगते, ही गोष्ट आजच्या मुलींना मुद्दाम सांगण्यासारखी आहे. २७ मे १९३५ ला रमाई गेल्या. १९३६ च्या जूनमध्ये दामोदर हॉलात बाबासाहेबांनी देवदासी, जोगतिणी आणि मुरळ्या यांच्या सभेत त्यांना तो मार्ग सोडायला सांगितलं. १९३८ साली त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीनं रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आणला. ऐकून घेणारेच थोडे होते, ठराव पडला. सरकारनंच कुटुंब नियोजनाची मोहीम काढली ती पुढं स्वातंत्र्यानंतर.

आता १९४२. आमच्या मते या चरित्रातलं हे सर्वांत मोलाचं पान, आणि तेच सर्वांत कमी वाचलं गेलेलं.

जुलै महिन्यात नागपूरच्या मोहन पार्कात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा जन्म तिथलाच. २० जुलैला तिथंच दलित महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्ष होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या होत्या असं सांगतात. कोण होत्या या? गिरणीतल्या, बिडी वळणाऱ्या, म्युनिसिपालिटीत झाडू मारणाऱ्या, रेल्वेत आणि शेतात राबणाऱ्या. नवऱ्यापासून फारकत घेण्याचा हक्क बाईला कायद्यानं मिळावा, आणि एका पुरुषानं एकीहून जास्त बायका करण्यास कायद्यानं बंदी व्हावी, असे ठराव त्यांनी केले. गिरण्या, बिडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथल्या कामगार बायकांना वर्षाला २१ दिवसांची किरकोळ रजा, कामावर इजा झाल्यास भरपाई आणि वीस वर्षं नोकरी झाल्यावर पेन्शन मागितलं. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच नेमावी, हेही मागितलं. का मागितलं ते खात्यात काम केलेल्या कोणत्याही बाईला विचारा. आणि कायदेमंडळात, स्थानिक संस्थांत स्त्रियांना जागा राखून ठेवाव्यात हाही ठराव झाला. लोकसभा आणि विधानसभांमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखण्याची घटनादुरुस्ती मंजूर झाली ती सप्टेंबर २०२३ मध्ये. मोहन पार्क ते २०२३, एक्याऐंशी वर्षं!

कोणी म्हणेल, आपल्यात काडीमोड होतीच, पाट लावण्याची चाल होतीच, मग फारकतीचा कायदा कशाला? बाबासाहेबही पुढं दिल्लीच्या सभागृहात हेच दाखवून देणार होते, की ज्यांना शूद्र म्हणतात त्या बहुसंख्य जातींत घटस्फोट पूर्वीपासून चालत आला आहे, तेव्हा धर्म बुडाला ही ओरड मूठभर वरच्यांची आहे. पण आमच्या बायकांना रूढीचा भरवसा माहीत होता. काडीमोड पंचांच्या हाती, पंच पुरुष, आणि नवऱ्यानं दुसरी केली तर पहिलीनं गप्प बसायचं. कायदा म्हटला की कोर्टात जाता येतं. म्हणून त्यांनी कायदा मागितला.

हे ठराव झाले त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. आजवर ते निवेदन देणाऱ्यांच्या बाजूला होते, आता निवेदनं त्यांच्या टेबलावर येऊ लागली. खाणीतल्या बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यात त्यांनी १९४३ आणि १९४५ साली सुधारणा केल्या. कामगारांच्या राज्य विम्याचा पाया त्यांच्याच कारकिर्दीत घातला गेला, त्याचा कायदा १९४८ साली झाला. गिरणी कामगारांच्या कितीतरी घरांत बाळंतपणं त्या ईएसआयवर झाली आहेत.

पण एक गोष्ट लपवायची नाही. १९४३ साली लढाईमुळं कोळशाचा तुटवडा पडला आणि सरकारनं कोळसा खाणीत जमिनीखाली बायकांना काम करण्यास असलेली बंदी उठवली. खातं बाबासाहेबांचं होतं. महिला संघटनांनी निषेध केला, दिल्लीच्या सभागृहात सरकारवर टीका झाली, आणि १९४४ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी त्या निर्णयाचं समर्थन केलं. बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल ही अट असल्याचं त्यांनी सांगितलं. बंदी पुन्हा लागू झाली १ फेब्रुवारी १९४६ पासून. आम्हाला त्यांचं समर्थन पटत नाही. समान मजुरीचं तत्त्व त्यांनी त्या वेळी सरकारकडून मान्य करून घेतलं हे मात्र खरं, आणि संघटनांनी केलेला निषेधही योग्यच होता. मंत्री आपला असला तरी निवेदन द्यायचं थांबवू नये.

आता हिंदू कोड बिल. याची सुरुवात बाबासाहेबांनी केली नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. १९२७ साली पुण्यात अखिल भारतीय महिला परिषद स्थापन झाली होती. शिकलेल्या, सुखवस्तू घरच्या त्या बायका. १९३४ पासून त्यांनी बायकांवरच्या कायद्यातील अन्यायाविरुद्ध सभा, पत्रकं आणि शिष्टमंडळं यांचा सपाटा लावला. १९३७ साली मुंबईचे डॉ. देशमुख यांच्या बिलानं विधवेला नवऱ्याच्या इस्टेटीत वाटा मिळाला, पण तो तिच्या हयातीपुरताच. विकायचा हक्क नाही, आणि मुलीला तर काहीच नाही. मग १९४१ साली सरकारनं सर बी. एन. राव यांची कमिटी नेमली. ती गावोगाव साक्षी घेत फिरली. काही ठिकाणी काळी निशाणं दिसली, काही ठिकाणी बायकाच विरोधात बोलल्या.

स्वातंत्र्यानंतर बाबासाहेब कायदामंत्री झाले आणि तो मसुदा त्यांच्या हाती आला. ९ एप्रिल १९४८ ला बिल निवड समितीकडे गेलं. योगायोग असा, की त्यानंतर सहाच दिवसांनी त्यांनी स्वतः डॉ. शारदा कबीर म्हणजे माईसाहेबांशी दिल्लीत नोंदणी पद्धतीनं विवाह केला. निवड समितीत त्यांनी बिल जास्त धारदार केलं. राव कमिटीनं मुलीला मुलाच्या निम्मा हिस्सा ठेवला होता, तो बरोबरीचा केला. जन्मतः फक्त मुलग्यांना वडिलार्जित मिळकतीत हक्क देणारी पद्धतच काढून टाकायची होती. एका वेळी एकच बायको, दोघांनाही घटस्फोट, बाईची मालमत्ता पूर्ण तिची, जात आड येणार नाही असा विवाह. मोहन पार्कातल्या बायकांनी मागितलेल्या दोन गोष्टी, फारकत आणि एकपत्नीत्व, आता भारत सरकारच्या बिलात छापून आल्या होत्या.

आणि मग विरोधक जागे झाले. निवेदन आणि शिष्टमंडळ ही हत्यारं काही गरिबांचीच नसतात. १९४९ साली हिंदू कोड बिल विरोधी समिती निघाली. करपात्री महाराज आणि साधू-महंत रस्त्यावर आले. ११ डिसेंबरला दिल्लीच्या रामलीला मैदानावर राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची विरोधी सभा झाली. तारांचा आणि पत्रांचा ढीग पडला. बाबासाहेबांच्या जातीचा उद्धार करून, याला आमच्या धर्मशास्त्रात हात घालायचा अधिकार काय असंही बोललं गेलं. सभागृहात दुर्गाबाई, रेणुका राय, हंसा मेहता अशा महिला सभासद बिलाच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पण काँग्रेसमधलेच मोठमोठे पुढारी नाखूष. राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी सप्टेंबर १९५१ मध्ये पंतप्रधानांना आपला विरोध लिहून कळवला. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर आलेली. पंडित नेहरूंना बिल हवं होतं, पण निवडणूकही हवी होती.

आमच्या आयाबहिणी तेव्हा कुठं होत्या असा प्रश्न आम्हाला पडतो. होत्या खात्यात आणि बिडीच्या सुपावर. दिल्लीच्या गाडीचं भाडं कोणाकडं होतं? तार करायला पैसे कोणाकडं होते? ज्यांच्याकडं होते त्यांच्या तारा पोचल्या.

१७ सप्टेंबर १९५१ ला कलमवार चर्चा सुरू झाली. बाबासाहेबांची प्रकृती खालावलेली, मधुमेहानं पाय दुखत, तरी ते बाकावर बसून. चार कलमं मंजूर झाली आणि आठवडाभरात बिल गुंडाळलं गेलं. २७ सप्टेंबरला त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणं इतरही होती, मागासवर्गीयांची उपेक्षा होती, परराष्ट्र धोरण होतं. पण घटनेच्या कामाइतकंच हे बिल त्यांना मोलाचं होतं आणि तो घाव त्यांना लागला. सभागृहात निवेदन करायचं तर त्याची प्रत आधी दाखवा म्हणाले, तेव्हा ते उठून बाहेर गेले.

त्याच १९५१ साली कलकत्त्याच्या महाबोधी मासिकात त्यांनी हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर लेख लिहिला. बायकांच्या अधोगतीला भगवान बुद्ध कारण आहेत असा आरोप कोणी केला होता, त्याला हे उत्तर होतं. आपल्या विहारात महाप्रजापती गौतमीची कथा सांगतात, ती इथं आठवते. कपिलवस्तूला तिनं तीनदा प्रव्रज्या मागितली आणि तीनदा नकार मिळाला. मग केस कापून, काषाय वस्त्रं घालून, शाक्य स्त्रियांना घेऊन ती पायी वैशालीला गेली, पाय सुजलेले, धुळीनं माखलेली. आनंदानं तिची बाजू मांडली आणि भिक्खुणी संघ झाला. हेही शिष्टमंडळच होतं, आणि पायी आलेलं होतं.

१९५२ च्या जानेवारीत मुंबईत बाबासाहेब लोकसभेला पडले आणि मग राज्यसभेवर गेले. ज्यांनी बिल मारलं त्यांनाच ते पुढं तुकडे करून मंजूर करावं लागलं. १९५५ साली विवाहाचा कायदा झाला, १९५६ साली वारसा, पालकत्व आणि दत्तक यांचे कायदे झाले. विवाह आणि वारसा कायद्यात बौद्धांचंही नाव आहे. दीक्षा घेतली म्हणजे हे कायदे आपल्याला लागू नाहीत असं समजणारे आजही भेटतात, त्यांनी ही गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. पण तुकडे करताना धार गेली. वडिलार्जित मिळकतीतला मुलग्यांचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला. तो मुलींना मिळाला महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्यानं आणि साऱ्या देशात ९ सप्टेंबर २००५ पासून. आणि मिळून काय? गावाकडची जमीन किंवा चाळीतली खोली वाटायची वेळ आली, की राखी बांधणाऱ्या बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतात. घेणाऱ्यांच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो.

वारसा कायदा १७ जून १९५६ ला अमलात आला. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेब धम्मदीक्षेसाठी पुन्हा नागपूरला आले. मोहन पार्कातल्या ठरावांना चौदा वर्षं झाली होती. पांढरी लुगडी नेसून, कडेवर पोरं घेऊन, भाकरी बांधून बाया आदल्या रात्रीपासून मैदानावर बसल्या होत्या. त्यात १९४२ ला हात वर करून ठराव मंजूर करणाऱ्याही असणारच. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या समुद्रकाठी त्यांना अग्नी देण्यात आला.